कॉर्डरॉय शिवताय? कात्री लावण्याआधी या चुका टाळा

कॉर्डरॉयची पँट शिवून झाली आणि एक पाय गडद, दुसरा फिका दिसायला लागला, तर रंगाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा बेतताना एक तुकडा उलटा लागलेला असतो. या कापडाच्या प्रत्येक उंच उभ्या रेघेवर, म्हणजे वेलवर, कापलेल्या धाग्यांची लव असते आणि ती एकाच दिशेला झुकते. रेघेवरून हात फिरवून पाहा: एकीकडून गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की खरखरीत. लव वरच्या दिशेला ठेवली तर रंग गडद दिसतो, खालच्या दिशेला ठेवली तर फिका आणि चकचकीत. दोन्ही चालतं, पण सगळे तुकडे एकाच दिशेचे हवेत. कापडाच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढा, मगच कात्री लावा. फसगत होते ती कॉलर आणि खिशाच्या झाकणांत, कारण छोटे तुकडे उरलेल्या जागेत कसेही बसवले जातात. उलटसुलट मांडून कापड वाचवायची सोय इथे नाही, तेव्हा दुकानातच थोडं जास्त घ्या.

दुकानात दुसरा गोंधळ आकड्याचा. १४ वेल म्हणजे एका इंचात १४ रेघा. आकडा जितका मोठा, तितकी रेघ बारीक. जाड रेघेच्या कोटासाठी २१ वेल मागितलं, तर शर्टाचं मऊ कापड हाती येईल. नेहमीच्या पँटला ११ च्या आसपास बरं, कोटाला ८ किंवा त्याहून कमी. लेबल नसेल तर पट्टी ठेवून रेघा मोजा. होजिअरीतही वेल मोजतात, पण तिथे ती फासांची उभी ओळ असते. तो आकडा इथे लावू नका.

शिवताना लवेवर लव घसरते आणि वरचा थर पुढे सरकतो. आधी कच्चा टाका घाला, मशीनच्या पायाचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाचा, दाब कमी करा, टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. कडा फार सुटतात, ओव्हरलॉक टाळू नका.

सुलट्या बाजूने इस्त्री तर कधीच नको. लव दबते आणि तिथे चमकदार डाग पडतो. खाली जाड टॉवेल घालून उलट्या बाजूने वाफेची इस्त्री करा. डाग पडलाच असेल तर वाफ देऊन मऊ ब्रशने लव उभी करा, बहुधा सुधारतो. गुडघ्यावर झिजलेली लव मात्र परत येत नाही, तिथले धागेच गेलेले असतात. तिथे सरळ ठिगळ लावा.