गाडीच्या काचेवरचं कोटिंग काढायचं कसं

पावसाळ्यात रात्री इंदूरच्या एबी रोडवरून गाडी काढली की समोरच्यांचे दिवे काचेवर फासल्यासारखे पसरतात. वायपर मारला तरी धूसर पट्टा राहतोच. बऱ्याचदा हे पाणी झटकणारं कोटिंग अर्धवट झिजल्यामुळे होतं. काही गाड्यांच्या दारांच्या काचांना ते कारखान्यातूनच येतं, पुढच्या काचेला बहुधा नंतर लावून घेतलेलं असतं.

आधी खात्री करा. काच शाम्पूनं धुऊन तिच्यावर स्वच्छ पाणी ओता. थेंब गोळे होऊन घसरले तर तिथे कोटिंग शिल्लक आहे, सपाट पसरले तर ते गेलेलं आहे. पांढरे गोल डाग दिसत असतील तर ते बोरिंगच्या पाण्याचे क्षार. आधी पांढरं व्हिनेगर लावून बघा, कदाचित तेवढ्यावरच भागेल. काचेची हिरवट छटा मात्र काचेतच असते, तिच्या मागे लागू नका.

साबण, पेट्रोल, थिनर यांनी हे कोटिंग हलत नाही, कारण ते काचेतल्या सिलिकाला रासायनिक बंधानं धरून बसतं. त्यासाठी सिरियम ऑक्साइड लागतं. काच पॉलिश करणाऱ्यांकडे ही फिकट रंगाची पावडर असते. इंदुरात सियागंजच्या घाऊक बाजारात चौकशी करा. तिथल्या मोहरीइतक्या किमतीत मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका!

गाडी सावलीत लावा, काच थंड होऊ द्या. रबर आणि रंगावर मास्किंग टेप चिकटवा. पावडर कालवताना मास्क लावा आणि ताकाएवढं पातळ मिश्रण करा. नमद्याच्या पॅडवर घेऊन साधारण फूटभर चौकोनात, हलक्या हातानं, आडवं-उभं घासा. पॅड सुकायला लागलं की पाणी शिंपडा. ड्रिलला पॅड लावलंत तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका: काच तापून तडकू शकते. ओरखडाही खणत बसू नका. तिथे खळगा पडतो आणि समोरचा रस्ता वाकडा दिसायला लागतो. हातानं केलंत तर एका काचेला तासभर सहज जातो.

आतल्या बाजूला हे काही करू नका, विशेषतः मागच्या काचेवर. तिथे डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तारा असतात.

चौकोन झाला की धुऊन पाणी ओता. सगळीकडे पाण्याचा सलग पडदा राहिला तर काम झालं. कुठे गोळे दिसले तर तेवढाच भाग पुन्हा घ्या. शेवटी वायपरचं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ते जुनं असेल तर सरळ बदला, नाहीतर त्यातलंच तेलकट पुन्हा काचेवर फासलं जाईल.