पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही?
पीएचपी या वेब प्रोग्रामिंगच्या भाषेतलं पासवर्ड तपासणारं फंक्शन, पासवर्ड_व्हेरिफाय, बरोबर पासवर्डलाही नकार देत असेल, तर कोड उकरण्याआधी डेटाबेसमधल्या कॉलमची लांबी बघा. पासवर्ड थेट न साठवता त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेली, उलट न फिरवता येणारी अक्षरांची ओळ, साठवतात; बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश 60 अक्षरांचा असतो. कॉलम 50 चा असला की शेपूट कापलं जातं, आणि सेटिंग सैल असेल तर डेटाबेस नुसती वॉर्निंग देऊन गप्प बसतो. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. कॉलम सरळ 255 चा ठेवा. कापलेले जुने हॅश मात्र परत येत नाहीत; त्या लोकांना पासवर्ड रीसेट करायला लावावाच लागतो. नवा हॅश काढून जुन्याशी जुळवत बसू नका, सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) दरवेळी वेगळा असतो. आणि हो, बीक्रिप्ट पहिले 72 बाइटच बघतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, 3 बाइट खातं, म्हणजे जेमतेम 24 चिन्हं.