कॅमेऱ्यावरची सवलत: बॉडी कधी घ्यावी, लेन्स कुठून घ्यावी

सेलच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली सूट एमआरपीवर मोजलेली असते, आणि कॅमेऱ्याच्या धंद्यात एमआरपीला फारसा अर्थ नाही. कंपनी डीलरला एमओपी ठरवून देते, म्हणजे माल प्रत्यक्ष ज्या भावाने विकायचा तो भाव. वर्षभर बहुतेक दुकानांत विक्री याच्या आसपास होते. म्हणून सूट मोजायची ती एमओपीवरून. हा भाव शोधणं अवघड नाही. दोन अधिकृत डीलरांना फोन करून ‘पक्क्या बिलासकट शेवटचा भाव’ विचारा, आणि दोन मोठ्या शॉपिंग साइटवर सेल नसताना काय किंमत दिसते ती टिपून ठेवा. खरेदीआधी सहा ते आठ आठवडे दर शनिवारी एवढंच करा. वहीत तारीख, दुकान, भाव, सोबत काय मिळतंय आणि वॉरंटी कोणाची, एवढे रकाने पुरतात. सेलच्या आदल्या आठवड्यात भाव चढवून नंतर उतरवला असेल तर वहीत तो लगेच दिसतो.

‘सोबत’चा रकाना गाळू नका. बॅग, मेमरी कार्ड आणि छोटा ट्रायपॉड फुकट म्हणून देतात, पण ती बॅग आणि ते कार्ड तुम्ही स्वतः दुकानात जाऊन घेतलं असतं का, हे आधी ठरवा. नसतं घेतलं तर त्याची किंमत शून्य धरा.

बॉडी थांबून घ्या, लेन्स शोधून घ्या

बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि लेन्स यांचे भाव वेगवेगळ्या कारणांनी उतरतात, आणि सगळा निर्णय यावरच ठरतो.

बॉडीचा भाव पडतो तो तिची पुढची आवृत्ती आल्यावर. सोनीचा ए७ थ्री २०१८ चा आणि ए७ फोर २०२१ चा. कॅननचा आर६ २०२० मध्ये आला, आर६ मार्क टू २०२२ मध्ये. निकॉनचा झेड६ २०१८, झेड६ टू २०२०, झेड६ थ्री २०२४. म्हणजे साधारण दोन ते चार वर्षांचं चक्र आहे. हवी असलेली बॉडी बाजारात येऊन तीन वर्षं होत आली असतील तर पूर्ण भावाने घेऊ नका. नवीन मॉडेल जाहीर होऊन दुकानात मिळू लागलं की जुन्याचा उरलेला माल डीलरला काढायचा असतो, तेव्हा बोलणी करा. नुसत्या अफवांवर मात्र सहा-आठ महिने थांबण्यात अर्थ नसतो. आणि भाव उतरल्यावरही फार ताणू नका: माल संपत आला की आधी नुसती बॉडी मिळेनाशी होते, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्ससकटच घ्यावी लागते.

लेन्सचं तसं नाही. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम २०१५ ची आहे आणि आजही तितकीच कामाची आहे. चांगल्या लेन्सची पुढची आवृत्ती यायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे नव्या लेन्सवर खरी सूट मिळते ती कंपनीच्या कॅशबॅकच्या दिवसांत, एरवी वापरलेली शोधावी लागते. सध्या वापरलेल्या लेन्स घेणाऱ्याचे दिवस बरे आहेत, कारण आत आरसा असलेल्या डीएसएलआरवरून बिनआरशाच्या मिररलेसकडे वळलेले लोक जुन्या माउंटच्या (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या) लेन्स विकत आहेत.

इथे माउंट नीट समजून घ्यायला हवं. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मिररलेसच्या आरएफ बॉडीवर कंपनीच्या अॅडॅप्टरने उत्तम चालतात. अॅडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राची प्रत उतरत नाही, आणि ऑटोफोकसही मिळतो. निकॉनमध्ये फसायला होतं. एएफ-डी प्रकारच्या स्वस्त लेन्सना स्वतःची मोटर नसते, बॉडीतली मोटर त्यांना फिरवते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती मोटर नाही आणि जुन्या लेन्स निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्येही नाही. म्हणजे झेड बॉडीवर ती लेन्स हाताने फोकस करावी लागणार. पाच हजारांत मिळाली म्हणून घेतली आणि लग्नाच्या हॉलमध्ये हाताने फोकस करत बसलात, तर ती स्वस्त पडली नाही.

तारखा आणि पैशांचा हिशेब

ऑनलाइनचे मोठे सेल दसरा-दिवाळीच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात. त्याखालोखाल प्रजासत्ताक दिन, मग जुलै आणि स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचे. कंपनीने दिवाळीला दिलेला कॅशबॅक बऱ्याचदा दुकानातही लागू असतो, पण तो विचारावा लागतो. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बझारसारख्या भागात दुकानं जवळजवळ असल्यामुळे तासाभरात चार भाव कळतात. दिल्लीत तेच काम चांदनी चौकातल्या कूचा चौधरीत होतं.

बँकेच्या कार्डावरची ‘१० टक्के सूट’ वाचताना खालची बारीक ओळ आधी वाचा. तिथे कमाल मर्यादा असते. मर्यादा २,००० रुपये असेल तर दीड लाखाच्या कॅमेऱ्यावर १५,००० सुटत नाहीत, २,०००च सुटतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’लाही खर्च असतो. एक लाखाची वस्तू १२ हप्त्यांत घेतली आणि बँकेचा दर १५ टक्के असेल, तर सुमारे ७,६७० रुपयांचं व्याज विक्रेता आधीच सूट म्हणून वजा करतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,३८० रुपयांच्या आसपास, तुमच्या कार्डाच्या बिलात येतो. प्रक्रिया शुल्क वेगळं. रोख भावात दोन हजार कमी करून देणारा दुकानदार असेल तर तोच परवडतो.

व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर सर्वात मोठी सवलत बिलातच आहे. डिजिटल कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून २८ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. १,१८,००० रुपयांच्या बॉडीत १८,००० कर असतो, आणि तो इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतो. ऑर्डर देतानाच जीएसटी क्रमांक टाका, बिल निघाल्यावर तो चढवून घेणं त्रासाचं असतं. विनाबिल माल पाच-दहा हजारांनी स्वस्त सांगितला तरी स्टुडिओवाल्याला तो महागच पडतो.

घरगुती वापरासाठीसुद्धा विनाबिल ‘इम्पोर्टेड पीस’ नीट पारखून घ्या. भारतात अधिकृतपणे आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष यांचं लेबल असतं, आणि वॉरंटी कार्ड कंपनीच्या भारतातल्या शाखेचं असतं. हे दोन्ही नसेल तर ‘दुकानाची वॉरंटी’ म्हणजे दुकानदाराचा शब्द. बॉडीचा मेनबोर्ड किंवा सेन्सर गेला की खर्च इतका येतो की वाचवलेले पैसे त्यातच जातात. म्हणून बॉडी अशी घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक्स नसलेली, हाताने फोकस करायची लेन्स असेल तर धोका बराच कमी.

दुबई-अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवताना वॉरंटी त्या देशापुरती आहे का ते पाहा, आणि सामानाची करमुक्त मर्यादा किती ते निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर वाचा. त्यावरच्या रकमेला शुल्क लागतं. जपानमधून येणाऱ्या सोनीच्या अनेक बॉडींमध्ये मेनू फक्त जपानीत असतो, भाषा बदलता येत नाही.

वापरलेला माल: पावसाळ्यात भाव, पावसाळ्यातच बुरशी

चातुर्मासात मुहूर्त नसतात. लग्नसराई संपल्यावर बॉडी बदलायची असलेले फोटोग्राफर याच काळात जुनी काढतात, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर बोलणीला वाव जास्त. पण याच महिन्यांत मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या लेन्सना बुरशी धरते. म्हणून लेन्स बघायला जाताना बारीक झोताची टॉर्च सोबत हवीच.

दोन्ही बाजूंची झाकणं काढा आणि अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवा. निकॉनच्या डीएसएलआरच्या, म्हणजे एफ माउंटच्या, बहुतेक लेन्सना त्यासाठी मागची छोटी दांडी बोटाने सरकवून धरावी लागते. अंधाऱ्या कोपऱ्यात मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून पाहा. धुळीचे चार-सहा ठिपके चालतात, चित्रात ते दिसत नाहीत. काचेच्या कडेपासून आत पसरणारे केसासारखे, फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. दुधाळ पापुद्रा दिसला तर हेझ, त्याने उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो फिके पडतात. बुरशी साफ करता येते, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. विकणारा ‘साफ करून घ्या, पाचशे रुपयांचं काम’ म्हणाला तर त्यालाच साफ करून आणायला सांगा.

मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर पानाला समांतर, अॅपर्चर सर्वात मोठं, दोन सेकंदांचा टायमर. फोटो मोठा करून चारही कोपरे पाहा. चारही सारखेच मऊ (अस्पष्ट) असतील तर लेन्सची घडणच तशी. एकच कोपरा मऊ असेल तर काच सरकली आहे, बहुधा लेन्स पडलेली आहे. अशी लेन्स सोडून द्या.

बॉडीसाठी एफ/१६ वर, म्हणजे अॅपर्चर बारीक करून, आकाशाचा किंवा पांढऱ्या पडद्याचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. ब्लोअर मारूनही जागचे न हलणारे डाग चिकट धूळ असू शकतात किंवा ओरखडा. मालकाने तुमच्यासमोर सेन्सर साफ करून घ्यायची तयारी दाखवली तरच पुढे बोला. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, निकॉनच्या जेपीईजीच्या एक्झिफ माहितीतून (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलीत लिहिलेल्या नोंदीतून) वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फोटोत लिहिला जात नाही, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला दाखवावं लागतं. निकॉन डी७५०चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे, सोनी ए७ थ्रीचं दोन लाख फोटोंसाठी. मात्र लग्नात व्हिडिओसाठी वापरलेल्या बॉडीचा काउंट कमी असतो आणि तिने तासन्‌तास काम केलेलं असतं. तिथे एचडीएमआय पोर्ट सैल आहे का, हॉट शूचा (वर फ्लॅश बसवायच्या खाचेचा) रंग घासून पितळ दिसतंय का, पकडीचं रबर सुटलंय का, हे जास्त बोलतं.

भाव ठरवताना मालक त्याने भरलेली किंमत सांगेल. तुम्ही आजचा सेलमधला नवा भाव धरा आणि वॉरंटी संपलेली बॉडी त्यापेक्षा निदान ३५ टक्क्यांनी कमी असेल तरच घ्या. त्याहून कमी फरकात वॉरंटीसकट नवीच बरी. मूळ बिल, खोक्यावरचा आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळवा. पैसे यूपीआयने द्या, आणि साध्या कागदावर दोघांची नावं, सिरियल नंबर, रक्कम लिहून सही घ्या. चोरीचा माल निघाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

ऑनलाइन नवा कॅमेरा आला तर सील फोडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा: लेबल, सील, सिरियल नंबर, आतला माल. वरच्या कोपऱ्यांच्या आणि सेन्सरच्या चाचण्या नव्या मालावरही पहिल्या दोन दिवसांतच करा. बदलून देण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी सातच दिवसांची असते. ती संपेपर्यंत खोकं, पिशव्या आणि बारकोडचा तुकडा टाकू नका. मेमरी कार्ड याच सेलमध्ये घेतलं असेल तर ते पूर्ण भरून पाहा: नकली कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि ठरावीक जागेनंतरच्या फाइली उघडत नाहीत.