दंतरोपण किती वर्षे टिकते आणि ते कसे टिकवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडचा माणूस दंतरोपण करून घ्यायचे ठरवतो तेव्हा तो सर्वांत आधी ‘हे किती वर्षे टिकेल?’ असे विचारतो, आणि होणारा खर्च पाहता ते रास्तच आहे. मात्र या प्रश्नाला एकच आकडा सांगून उत्तर देता येत नाही, कारण ज्याला आपण सरसकट इम्प्लांट म्हणतो त्याचे तीन भाग असतात: हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोडभाग आणि सर्वांत वर दिसणारी कॅप. हाडातला स्क्रू सर्वाधिक टिकतो. नीट बसवलेल्या दर १०० स्क्रूंपैकी सुमारे ९५ स्क्रू १० वर्षांनंतरही जागेवर असतात आणि अनेकांचे २० वर्षांपेक्षा जास्त काळ काम देतात. या उपचाराचा पाया घालणारे स्वीडिश शल्यविशारद पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या रुग्णावर रोपण केले, त्याचे रोपण २००६ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ शाबूत होते. कॅपचे आयुष्य मात्र साधारणपणे १० ते १५ वर्षे धरावे. ती झिजते, तिचा कपचा उडतो किंवा आतला छोटा पेच सैल होतो आणि ती बदलावी लागते. म्हणूनच कोणी ‘आयुष्यभराची हमी’ देऊ केली, तर ती नेमक्या कोणत्या भागाची आहे, हे आधीच स्पष्ट विचारून घ्यावे आणि लेखी घ्यावे.

कृत्रिम दाताला कीड लागत नाही, ही गोष्ट खरी आहे, पण तिच्यामुळेच बहुतेकजण काळजी घेणे सोडून देतात. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. तो चावण्याचा धक्का सोसतो, जास्त दाब आला की जाणीव करून देतो आणि त्याला भरपूर रक्तपुरवठाही असतो. रोपणाभोवती हा थर नसतो. टायटॅनियमला हाड थेट चिकटते आणि हिरडीचे तंतू त्याला फक्त वेढून राहतात, त्यामुळे तिथे साचलेले जंतू नैसर्गिक दातापेक्षा लवकर खोलवर जातात, आणि तेही बहुधा वेदना न होता. हिरडी लाल होणे, ब्रश करताना रक्त येणे, तोंडाला वास येणे किंवा कॅपच्या कडेला दाबल्यावर पू दिसणे, या खुणांपैकी एकही दिसली तर दुखण्याची वाट पाहू नये. दाह हिरडीपुरता असेपर्यंत स्वच्छतेने तो पूर्ण बरा होतो. पण तो हाडापर्यंत पोचला की गेलेले हाड आपोआप भरून येत नाही, आणि सर्व उपचार करूनही कधी कधी स्क्रू काढावाच लागतो. रोपण किती वर्षे टिकणार, हे बहुतांशी या एका गोष्टीवर ठरते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत जोरात चूळ भरू नये, थुंकू नये आणि स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये, कारण त्यामुळे जखमेवरची रक्ताची गुठळी निघून जाते. गालावर बाहेरून थोड्या थोड्या वेळाने बर्फ धरावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार खळखळावे. पहिले आठ-दहा दिवस मऊ भात, ताक, पातळ वरण, मऊ शिजवलेली आंबील असा आहार ठेवावा. बेळगावी कुंदा चालतो, पण गोकाकचे करदंट, भाजके शेंगदाणे, चिरमुऱ्यांचा चिवडा आणि कडक भाकरी दूर ठेवावी. खालच्या जबड्यात हाड धरायला सुमारे तीन महिने लागतात, वरच्यात चार ते सहा. या काळात त्या बाजूने ऊस सोलणे किंवा हाडूक फोडणे असे दाबाचे काम करू नये. डॉक्टरांनी क्लोरहेक्झिडीनचे, म्हणजे चूळ भरायचे जंतुनाशक औषध दिले असेल तर ते सांगितलेल्या दिवसांपुरतेच वापरावे, कारण जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

कॅप बसल्यानंतर रोजची स्वच्छता हेच मुख्य काम आहे. दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, मऊ केसांच्या ब्रशने दोन मिनिटे दात घासावेत आणि ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरपा धरावा. कॅप आणि शेजारचा दात यांच्यातल्या फटीत साधा ब्रश पोचत नाही. तिथे दातांच्या फटीसाठी मिळणारा छोटा ब्रश वापरावा, पण त्याची मधली तार प्लास्टिकने मढवलेली असावी, नाहीतर टायटॅनियमवर ओरखडे उठतात आणि ओरखड्यांत जंतू जास्त धरतात. दोन-तीन दात जोडून पूल केला असेल तर त्याखालून जाड, स्पंजासारखा दंतधागा ओवून काढावा. हातांची बोटे आखडलेल्या वयस्कर माणसांना पाण्याच्या झोताचे उपकरण सोपे पडते, मात्र ते ब्रशची जागा घेऊ शकत नाही. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ आणि विटकर असे खरखरीत काहीही घासायला वापरू नये. साधी फ्लोराइडची पेस्ट पुरेशी आहे.

तंबाखूविषयी स्पष्टच लिहायला हवे. निपाणीच्या परिसरात तंबाखू हे पीक आहे आणि विडी हा अनेक घरांचा रोजगार आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना इथल्या माणसाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तरीही सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत रोपण अपयशी ठरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो, कारण निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला लागणारे रक्त तिथे कमी पोचते. चुना-तंबाखूची गोळी किंवा गुटखा हिरडी सतत जाळत राहतो. मिश्री लावणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना तर हे व्यसन आहे असेही वाटत नाही, म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की त्या ‘नाही’ म्हणतात. घरच्यांनी मिश्रीचे वेगळे सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या निदान एक-दोन आठवडे आधी आणि नंतर दोन महिने तंबाखू पूर्ण बंद असावी, आणि कायमची सुटली तर सर्वांत उत्तम. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी शस्त्रक्रियेआधी करून घ्यावी आणि नंतरही साखर आटोक्यात ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी दंतवैद्यांना दाखवावी. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी थांबवू नये. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री घालायचे संरक्षक आवरण करून घ्यावे, कारण रोपणाला दाबाची जाणीव नसल्याने कॅप फुटेपर्यंत काहीच कळत नाही.

पहिल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रत्येक तारखेला आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि हाडाची पातळी ताडून पाहण्यासाठी ते सांगतील तेव्हा क्ष-किरण छायाचित्र काढावे. पहिल्या वर्षी थोडे हाड कमी होणे अपेक्षित असते, त्यानंतर मात्र वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त घट होऊ नये. अथणी-रायबागकडे ऊसतोडीच्या हंगामात आणि खानापूरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात या फेऱ्या हटकून चुकतात, तेव्हा तारखा त्या बेताने आधीच मागून घ्याव्यात. सूचनांचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर त्यातली प्रत्येक ओळ मराठीत समजावून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

स्क्रूची कंपनी, जाडी, लांबी आणि तुकडी क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्यावे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. नोकरीनिमित्त कोल्हापूर किंवा पुण्याला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना योग्य मापाचा पेच आणि हत्यार शोधायला तेच लागते. कॅप हलू लागली तर घाबरू नये, कारण बहुतेक वेळा आतला पेच सैल झालेला असतो आणि तो पुन्हा घट्ट करता येतो. तोवर त्या बाजूने चावू नये, कॅप निघून हातात आली तर घरच्या चिकटद्रव्याने चिकटवू नये, ती धुऊन डबीत घालावी आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे न्यावी.