मोंढ्यातला हिशोब आणि पायथॉनची कॉपी

लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. सोयाबीनच्या हिशोबपट्ट्यांचं फोल्डर रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवायचं काम मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवर सोपवलंय. तिच्या शटिल (shutil) या तयार मॉड्यूलमधलं कॉपीट्री (copytree) फंक्शन अख्खं फोल्डर उपफोल्डरांसकट उचलतं. पहिल्या दिवशी झकास चाललं. दुसऱ्या दिवशी एरर: या नावाचं फोल्डर आधीच आहे. पायथॉन ३.८ पासून कॉपीट्रीच्या ‘डर्स एक्झिस्ट ओके’ (dirs_exist_ok) या पर्यायाला ट्रू (True) दिलं की ही अडचण सुटते, पण मी ते देत नाही. जुन्यावर नवं चढतं, आणि आज बिघडलेली पट्टी कालची चांगली पट्टी गिळून बसते. त्यापेक्षा रोज तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-११-०४. दिवस आधी लिहिलात की यादीचा क्रम विस्कटलाच.

आता लाइटीचं. ऐन कॉपीत ती गेली तर अर्धंच फोल्डर उरतं, आणि बाहेरून दिसतं मात्र पूर्ण. मी एकदा चांगलाच फसलो. तेव्हापासून कोड आधी ‘२०२५-११-०४-अर्धवट’ नावाने कॉपी करतो आणि सगळं उतरल्यावरच, शेवटच्या ओळीत, ओएस (os) मॉड्यूलच्या रिनेम (rename) फंक्शनने ‘-अर्धवट’ हे शेपूट काढतो. सकाळी ‘अर्धवट’ दिसलं की ते उडवून पुन्हा चालवायचं.

एकच फाइल न्यायची असेल तर शटिलमधलंच ‘कॉपी’ (copy) नको, ‘कॉपी२’ (copy2) वापरा. पट्टी शेवटची कधी बदलली ती वेळ तशीच राहते. शेतकरी तारखेवरून वाद घालायला आला की ती लागते.