पाणी चढताना डोकं ठिकाणावर ठेवायचं तर

जुलै लागला की सांगलीत दोन आकडे घराघरांत फिरायला लागतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाला सलग पावसाची दुसरी रात्र झोपू देत नाही. ‘कशाला काळजी करताय’ म्हणून ती झोप येतही नाही, कारण काळजी खोटी नाही. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलेलं. म्हणून काळजी घालवायच्या मागे लागू नका. तिला वेळ ठरवून द्या आणि आली की तिच्याकडून काम काढून घ्या.

साधी शंभर पानी वही घ्या. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान २० मिनिटं, एकाच खुर्चीत बसायचं. अंथरुणावर नाही आणि टीव्हीसमोरही नाही. अंथरुणावर पडून रोज पाण्याचा विचार केला, तर पाठ टेकली की तोच विचार सुरू व्हायची शरीराला सवय लागते. दिवसभरात काळजी डोक्यात आली की तीन-चार शब्द लिहायचे, ‘म्हशींचं काय’, ‘आजीच्या गोळ्या’, ‘दुकानातला माल’, आणि वही मिटायची. बाकीचं सहाला.

सहाला प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न: याचं मला काही करता येतं का? येत असेल तर काम, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे तिथंच लिहा. ‘आजीच्या गोळ्या – १५ दिवसांच्या आणायच्या – दादा – उद्या दुपारपर्यंत.’ येत नसेल तर समोर फुली. धरणातून किती सोडायचं हे आपल्या हातात नाही, त्याला फुली. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणालाही फुली, रात्री अकरा वाजता ग्रुपवर त्यावरून भांडून आजवर इंचभर पाणी उतरलेलं नाही.

ही पद्धत फसते ती बहुतेक तीन जागी. लोक तीन शब्दांऐवजी पानभर लिहितात आणि काळजी कमी होण्याऐवजी घोटली जाते. वेळ ढकलत ढकलत रात्री दहावर जाते, मग झोप गेलीच. आणि ‘आज बरं वाटतंय’ म्हणून वही उघडलीच जात नाही. पहिले चार-पाच दिवस काळजी वाढल्यासारखी वाटेल. वेळ मात्र मोडू नका.

आता खरं महत्त्वाचं, फुटांचा तक्ता. पाणी दारात आल्यावर माणूस स्वतःशीच घासाघीस करतो, ‘अजून तासभर बघू’. तो तासच महागात पडतो. म्हणून निर्णय कोरड्या दिवसात, घरातल्या सगळ्यांसमोर घ्यायचा आणि कागद फ्रिजवर चिकटवायचा. आपल्या गल्लीत कितीला पाणी येतं हे शेजारच्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं, त्यांना विचारा. खालचे आकडे ४५ च्या आसपास पाणी येणाऱ्या घरासाठी आहेत. तुमच्याकडे ४० लाच येत असेल, तर प्रत्येक आकड्यातून ५ वजा करा.

३० फूट: आधार, सातबारा, पासबुक, विम्याचे कागद, मुलांचे दाखले दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत एक. औषधं, चष्मा, चार्जर, थोडी रोकड त्याच बॅगेत.
३५ फूट: गाडी मिरजेच्या बाजूला उंचावर. खालच्या खणातलं सामान वर. गुरं कुठं न्यायची ते ज्यांच्याकडे न्यायची त्यांच्याशी बोलून ठरवायचं.
३८ फूट: म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई आणि गुरं बाहेर.
४० फूट: उरलेल्यांनी निघायचं. रेग्युलेटर काढून गॅस सिलिंडर दोरीनं बांधायचा, नाहीतर पाण्यावर तरंगत आपटत राहतो. मेन स्विच बंद, कुलूप.

रस्ता कोरडा असताना निघालं की बोटीची वेळ येत नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते ज्यांच्या मनातून जात नाही त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रशासनानं आधी निघायला सांगितलं तर तक्ता बाजूला ठेवून निघायचं.

मोबाइल हा या दिवसांत काळजीचा सगळ्यात मोठा खुराक. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीत यायला बरेच तास लागतात, दर पाच मिनिटांनी बघून काही कळत नाही. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, एवढंच बघा. ३५ नंतर दर दोन तासांनी, पण घरातल्या एकानंच. रात्रीसाठी पाळी लावा म्हणजे बाकीचे झोपतील. आकडा जलसंपदा विभागाचा किंवा महापालिकेचा घ्या. ग्रुप म्यूट करा, कारण २०१९ चे व्हिडिओ दरवर्षी ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात.

आकडा वेळेसह वहीत लिहा, मग वेग कळतो. सकाळी सातला ३४ आणि दुपारी एकला ३५.५ म्हणजे सहा तासांत १८ इंच, तासाला ३. ३८ ला अजून ३० इंच, म्हणजे याच वेगानं दहा तास. वरचा पाऊस वाढला तर हिशेब बदलतो, म्हणून प्रत्येक नोंदीला नव्यानं करायचा. ‘पाणी लय वेगानं येतंय’ ऐकून छातीत धस्स होतं. ‘तासाला तीन इंच’ म्हटलं की हात कामाला लागतात.

रात्री छाती धडधडायला लागली तर नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके हळू होतात. इथं चूक होते ती छाती फुगवून मोठेमोठे श्वास घेण्यात. त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास लहानच ठेवा, फक्त सावकाश. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा. घड्याळ बघू नका. दुपारी तीननंतर चहा बंद. पावसात हे जिवावर येतं, मान्य. दारूनं झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते आणि रात्री निघायची वेळ आली तर डोकं जागेवर नसतं.

घरातल्या मोठ्यांना ‘काही होत नाही’ म्हणू नका, त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पूर बघितलेत. ‘आण्णा, ३८ झालं की आपण मिरजेला आत्याकडं जायचं, तुमची पिशवी मी भरून ठेवलीय,’ असं सांगा. घर सोडायला नकार असेल तर तो बहुतेक वेळा देवघर, गुरं किंवा चोरीच्या भीतीसाठी असतो. नेमकं कशासाठी ते विचारा आणि आधी तेवढंच सोडवा. मुलांना काम द्या, सातचा आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. स्वतःच्या दप्तरात एक आवडीची वस्तू त्यांनीच निवडायची.

पाणी उतरल्यावर चिखल काढताना माणसं टिकतात आणि घर आवरलं की कोसळतात. चिडचिड, रडू येणं, पावसाच्या आवाजानं दचकून उठणं, हे काही आठवडे चालू शकतं. दोन आठवडे सतत उदास वाटलं, जेवण-झोप बिघडली किंवा महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही सोय आहे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं कुणी बोललं तर वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सगळं आवरलं की, गणपतीच्या गडबडीआधीच, फ्रिजवरचा तक्ता काढून घरातले सगळे बसा. कोणतं काम किती फुटांवर करायला हवं होतं आणि कितीवर झालं, ते समोर लिहा. पाणी आपल्या भिंतीला लागलं तेव्हा आयर्विनला किती होतं, तो आकडा सगळ्यात वर, ठळक. पुढच्या जूनला तक्ता त्यावरूनच नव्यानं करायचा.