एका ‘साउंड’मधले चार शब्द वेगळे कसे काढायचे?

एखाद्या इंग्रजी शब्दापुढे दहा-बारा अर्थ दिसले की आधी एवढंच ठरवायचं: एकाच शब्दाला फांद्या फुटल्यात, की वेगवेगळे शब्द योगायोगाने एकसारखे दिसू लागलेत? सरावाला ‘साउंड’ उत्तम. आवाज, धडधाकट, सामुद्रधुनी आणि पाण्याची खोली मोजणे, या चार अर्थांमागे चार वेगळे शब्द आहेत.

व्युत्पत्ती देणारा मोठा कोश घ्या. विद्यार्थ्यांच्या छोट्या कोशात ती बहुधा नसते. नोंदीला १, २, ३ असे बारीक आकडे दिसतील. आकडा वेगळा म्हणजे शब्द वेगळा, असं लगेच धरू नका. काही कोश एकाच शब्दाच्या नामाला आणि क्रियापदालाही स्वतंत्र आकडे देतात, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. निकाल लागतो तो व्युत्पत्तीच्या ओळीवर. शब्दरूपाआधी तारा (*) असेल तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने मांडलेलं आहे. साल दिलेलं असतं ते पहिल्या लेखी नोंदीचं. बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो.

आता चारही ओळी शेजारी ठेवा. आवाजाचा ‘साउंड’ लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘सून’ असा होता. शेवटचा ‘ड’ मुळात नव्हताच. इंग्रजी ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथूनच ‘ड’ही निघतो; तो आधी उच्चाराला चिकटला, मग स्पेलिंगमध्ये कायमचा बसला. ‘थंडर’मधला ‘ड’ही असाच घुसलेला. संस्कृत ‘स्वन’ याच कुळातला. हा उपटसुंभ ‘ड’ आला नसता, तर आवाजाचा शब्द बाकीच्या तिघांत मिसळलाच नसता.

धडधाकट या अर्थाचा शब्द अस्सल इंग्रजी घराण्यातला. जर्मनमध्ये आजही ‘गेझुंट’ म्हणजे निरोगी. सामुद्रधुनीचा शब्द जुन्या ‘सुंड’चा, ज्याचा एक अर्थ ‘पोहणं’ असाही होता. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या ओरेसुंडच्या नावात तोच आहे. लाटांच्या आवाजावरून हे नाव पडलं, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

चौथा, खोली मोजण्याचा, फ्रेंच क्रियापदावरून आला. त्याच्याही मागे गेलं की कोशांत मतभेद सुरू होतात. खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत. वजनाच्या बुडाशी खोबण असे, तिच्यात चरबी भरत. दोरीवर खोली कळे आणि चरबीला चिकटलेल्या वाळू-शिंपल्यांवरून तळ कसा आहे तेही समजे. माप फॅदममध्ये, १ फॅदम म्हणजे ६ फूट. हवामानाच्या फुग्याखाली लटकणाऱ्या ‘रेडिओसाँड’मध्ये हाच फ्रेंच शब्द आहे, आणि देवमासा ‘साउंड’ करतो म्हणजे ओरडत नाही, खोल बुडी मारतो.

कोश हाताशी नसेल तर दोन चाचण्या करा. ‘अन’ लावून उलटा अर्थ निघतो का? ‘साउंड’ सल्ला ‘अनसाउंड’ होऊ शकतो, म्हणजे हा धडधाकट गटातला. ‘साउंड अस्लीप’ही तिथलाच, म्हणून गाढ झोपेत आवाज शोधू नये. दुसरी चाचणी नातेवाइकांची: ‘सॉनिक’, ‘रेझोनन्स’ हे शब्द अर्थाने जवळ वाटतात का? वाटले तर आवाजाचा गट.

वाक्प्रचारांत मात्र जपून. ‘साउंड आउट’ म्हणजे एखाद्याच्या मनाचा ठाव घेणं. बोलणं आलं म्हणून ते आवाजाचं वाटतं, पण आहे खोली मोजण्याचं. ‘साउंडिंग बोर्ड’ मात्र, मन मोकळं करायला हवा असलेला माणूस असा अर्थ असूनही, आवाजाकडेच जातो. चर्चमध्ये प्रवचनकाराच्या डोक्यावर आवाज श्रोत्यांकडे परतवायला लावलेली फळी, ते मूळ.